हवा सांगणाऱ्याने हवामान सांगावे का?

रात्रीच्या बातम्या संपत आल्या, की नकाशापुढे उभे राहून कोणीतरी उद्याची हवा सांगते. जगभरच्या दूरचित्रवाणीचा हा ठरलेला विधी आहे. राजकारणाच्या बातम्या चालू असताना पानात काय वाढले आहे याकडे लक्ष देणारी घरची मंडळीही या दोन मिनिटांपुरती मान वर करतात. उद्या पापड वाळत घालावेत का, मुलांना सहलीला पाठवावे का, पेरणी करावी की आणखी चार दिवस थांबावे, असे घरोघरचे निर्णय त्या दोन मिनिटांवर अवलंबून असतात. आणि ज्याचे इतके ऐकायचे त्याची थट्टाही तितकीच करायची, ही रीत आहे. ‘हवामान खात्याने पाऊस सांगितला आहे ना? मग छत्री घरीच ठेवा’ हा विनोद मराठी घरांत किती पिढ्या टिकला आहे, याची गणती नाही.

गेल्या काही वर्षांत या माणसाकडे आणखी एक काम आले आहे. उद्याच्या पावसाबरोबर तो आता पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या उन्हाळ्यांविषयीही बोलू लागला आहे. हा जिव्हाळ्याचा आणि वादाचाही विषय. त्याने त्यावर बोलावे का, आणि तो बोलला तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा का? या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास घडला तो अमेरिकेत. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज तिथे राहतात आणि सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी त्यांच्या गावच्या केंद्रावरचा हाच माणूस पाहतात, तेव्हा हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा माणूस आपल्या गावच्या हवेचा साक्षीदार म्हणून विश्वासार्ह आहे. शास्त्रज्ञांचा निरोप घरोघरी पोहोचवणारा म्हणूनही आहे. पण त्या शास्त्राचा न्यायाधीश म्हणून तो विश्वासार्ह नाही, आणि सगळा घोटाळा होतो तो साक्षीदार आपण होऊन न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो तेव्हा.

आपल्या भाषेतच या प्रश्नाची एक गाठ बसलेली आहे. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ यांतला फरक पाठ करून घेतात. हवा म्हणजे एखाद्या ठिकाणची आजची, या घटकेची स्थिती. हवामान म्हणजे त्या ठिकाणच्या दीर्घ काळातील, साधारणतः तीस वर्षांच्या हवेची सरासरी. परीक्षेत दोन गुण मिळाले की हा फरक आपण विसरतो. आणि विसरणे भागच असते, कारण उद्याचा पाऊस सांगणाऱ्या सरकारी खात्याचे नावच हवामान खाते आहे. (भूगोलाच्या व्याख्येने ते ‘हवा खाते’ व्हायला हवे होते; पण हे नाव कोणत्या खात्याला मानवले असते?) इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, तरी तिथेही घोटाळा टळलेला नाही.

अमेरिकेतील हा हवा सांगणारा मुळात शास्त्रज्ञ म्हणून पडद्यावर आलाच नव्हता. १९५०-६० च्या दशकांत तिथल्या कित्येक केंद्रांवर बाहुल्या, व्यंगचित्रे आणि विनोदवीर यांच्या मदतीने हवा सांगितली जाई. पुढे चित्रपटतारका झालेली रॅकेल वेल्च सॅन दिएगोच्या केंद्रावर हवा सांगत असे. पुढे मध्यरात्रीच्या कार्यक्रमांचा बादशहा ठरलेला डेव्हिड लेटरमन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या केंद्रावर हेच काम करताना गारांच्या आकारावर विनोद करी. १९८० पासून ‘टुडे’ या राष्ट्रीय कार्यक्रमात हवा सांगणारे विलर्ड स्कॉट तर त्याआधी मॅकडॉनल्डच्या जाहिरातीत विदूषक झाले होते, आणि पडद्यावर शंभरी गाठलेल्या आजी-आजोबांना शुभेच्छा देणे हे त्यांचे खास काम मानले जाई. या पोरखेळाला कंटाळूनच अमेरिकन मीटिअरॉलॉजिकल सोसायटीने १९५७ मध्ये पडद्यावरच्या निवेदकांसाठी मान्यतेची मोहोर सुरू केली. विषयाचे शिक्षण घेऊन, तज्ज्ञांपुढे आपले कार्यक्रम तपासायला देऊन ती मिळवावी लागे. तेव्हापासून विदूषक मागे पडत गेले आणि वातावरणशास्त्राचे पदवीधर पुढे आले. पण सगळेच पदवीधर झाले असे नव्हे. ही मोहोर नसलेले, पत्रकारितेतून आलेले निवेदकही पडद्यावर राहिले.

या माणसावरचा विश्वास मात्र मोहोरेतून आलेला नाही. तो कसा येतो हे पाहायचे तर ओक्लाहोमा शहराकडे पाहावे. चक्री वावटळींचा, म्हणजे टोर्नाडोंचा, हा मुलूख. तिथल्या केडब्ल्यूटीव्ही केंद्रावर गॅरी इंग्लंड या गृहस्थाने १९७२ पासून २०१३ पर्यंत हवा सांगितली. ३ मे १९९९ रोजी शहराच्या उपनगरांवर अत्यंत भयंकर टोर्नाडो चाल करून आला, तेव्हा ते पडद्यावरून लोकांना तळघरात जा किंवा त्याच्या वाटेतून दूर व्हा असे सांगत राहिले. ज्या माणसाच्या सांगण्यावरून तुम्ही मुलांना उचलून तळघरात उतरला आणि वर आल्यावर छप्पर जागेवर नसलेले पाहिले, त्या माणसाचे तुमच्या घराशी नाते कसे होईल? आपल्याकडे कोकणात वादळाच्या रात्री बंदरावरच्या जाणत्याचे ऐकतात, त्या जातीचा हा विश्वास आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. अंदाज चुकला तर हा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच नकाशापुढे उभा असतो. दुसऱ्या कोणत्या जाणकाराचे म्हणणे चोवीस तासांत तपासले जाते? अर्थतज्ज्ञाचे नाही, निवडणुकीच्या पंडिताचे नाही, ज्योतिषाचे तर नाहीच नाही.

अमेरिकेतील पाहण्यांतून दिसते, की राजकारणी आणि इतर बातमीदार यांच्यापेक्षा हवा सांगणाऱ्यावर लोकांचा अधिक विश्वास असतो. शिवाय स्थानिक केंद्राच्या बातमीकक्षात विज्ञानाचा वेगळा बातमीदार ठेवणे बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे भूकंप झाला, ग्रहण लागले, धूमकेतू दिसला, तरी ‘आपल्या हवामानवाल्याला विचारा’ असे होते. म्हणजे कोट्यवधी सामान्य माणसांच्या आयुष्यात विज्ञान शिकलेला असा हा एकच चेहरा रोज येतो. राज्यकर्त्यांनी हे बरोबर हेरले. १ ऑक्टोबर १९९७ रोजी, क्योटोच्या परिषदेच्या आधी, क्लिंटन आणि गोर यांनी देशभरच्या शंभराच्या आसपास निवेदकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून जागतिक तापमानवाढीविषयी माहिती दिली, आणि कित्येकांनी त्या दिवशीची हवा तिथल्या हिरवळीवरून सांगितली. मे २०१४ मध्ये सरकारचा हवामान बदलावरचा अहवाल निघाला तेव्हा ओबामांनीही निवडक निवेदकांना मुलाखती दिल्या. मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या संपादकांना डावलून अध्यक्ष हवा सांगणाऱ्याशी बोलतो, यातच सगळे आले.

पण अध्यक्षांनी चहापाणी केले म्हणून या मंडळींचे मत बदलले असे झाले नाही. २०१० मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाने केलेल्या देशव्यापी पाहणीत जागतिक तापमानवाढ होत आहे असे मानणारे निवेदक निम्म्याहून थोडेसेच अधिक निघाले, आणि हा सगळा बनाव आहे या विधानाशी सहमत होणारे चौघांत एकाहून अधिक होते. त्याच काळात प्रत्यक्ष हवामानशास्त्रावर संशोधन करणाऱ्यांत माणसामुळे पृथ्वी तापते आहे याविषयी जवळजवळ एकमत होते. लोकांचा विश्वास ज्याच्यावर, त्याचेच शास्त्रज्ञांशी पटत नव्हते.

या मतभेदाचा चेहरा होते जॉन कोलमन. हा माणूस ऐरागैरा नव्हता. १९७५ मध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ सुरू झाला तेव्हाचा पहिला हवा सांगणारा, आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या, चोवीस तास हवाच दाखवणाऱ्या ‘वेदर चॅनल’चा सहसंस्थापक. १९८३ मध्ये त्याच अमेरिकन मीटिअरॉलॉजिकल सोसायटीने त्यांना वर्षातील उत्तम निवेदक म्हणून गौरवले होते. या कोलमननी २००७ मध्ये जागतिक तापमानवाढ हा इतिहासातला सर्वांत मोठा बनाव असल्याचे जाहीर केले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, ते या मतावर ठाम राहिले. त्यांची पदवी पत्रकारितेची होती. पदवीवरून माणसाला झोडपणे मला पसंत नाही, पण ‘वेदर चॅनलचा संस्थापक म्हणतो’ या शब्दांना जे वजन आले ते हवामानाच्या संशोधनातून आलेले नव्हते. ते इतक्या वर्षांच्या सकाळच्या ओळखीतून आले होते. शेवटी त्यांच्याच वाहिनीला २०१४ मध्ये तापमानवाढीविषयी आपली भूमिका वेगळी असल्याचे जाहीर करावे लागले.

हे असे का झाले असावे? राजकारण होतेच, अमेरिकेत हा विषय पक्षांच्या वाटणीत सापडला आहे. पण माझ्या मते धंद्यातला अनुभव हे त्याहून खरे कारण आहे. हवा सांगणारा रोज संगणकाच्या प्रतिकृती उघडतो आणि रोज त्या कुठेतरी चुकलेल्या पाहतो. तीन दिवसांपुढे अंदाज डळमळतो, दहा दिवसांपुढे तो निम्म्या वेळाच खरा ठरतो, हे त्याला हाडामासात ठाऊक असते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले, की सुरुवातीच्या मोजमापात दशांशाच्या पुढच्या घरात फरक पडला तरी काही दिवसांनी वातावरण अगदी वेगळ्या वळणावर गेलेले असते. असा माणूस २१०० सालचा अंदाज ऐकतो तेव्हा त्याला हसू येते. पुढच्या मंगळवारचे मला सांगता येत नाही, आणि हे लोक शतकाच्या शेवटाचे सांगतात!

हा युक्तिवाद घरातही ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट पाहिले पाहिजे. पुण्यात येत्या १४ मे रोजी दुपारी किती अंश असतील हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण मे महिना जानेवारीपेक्षा गरम जाईल, हे सांगायला शास्त्रज्ञही लागत नाही. पहिला प्रश्न हवेचा आहे. त्यात आजची नेमकी स्थिती कळावी लागते आणि ती कधीच पुरती कळत नाही. दुसरा हवामानाचा आहे. त्यात सूर्याकडून किती उष्णता येते आणि पृथ्वीकडून किती परत जाते, हा जमाखर्च कळला की पुरते. कार्बन डायऑक्साइड वायू या जमाखर्चात परत जाणारी उष्णता अडवतो. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१५ च्या आसपास भाग होते; आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. निजलेल्या माणसावर एक गोधडी घातली, मग दुसरी घातली. तो रात्री कोणत्या कुशीवर वळेल हे सांगता येत नाही, पण त्याला उकडेल हे सांगता येते. हवा सांगणारा आयुष्यभर कुशी मोजत आला, गोधड्या मोजणे हे त्याच्या कामात कधी आलेच नव्हते. म्हणूनच मी म्हणतो, की या शास्त्राचा निवाडा त्याच्याकडे मागू नये. बाळंतपणे पाहणाऱ्या अनुभवी सुईणीने हृदयाची शस्त्रक्रिया करावी, असे आपण म्हणत नाही. तिचा अनुभव खोटा आहे असेही म्हणत नाही.

डिसेंबर २००६ मध्ये वेदर चॅनलवरच्याच हवामानतज्ज्ञ हायडी कलन यांनी असे सुचवले, की ज्यांना हवामान बदलाचे मूलभूत शास्त्रही सांगता येत नाही अशा निवेदकांना सोसायटीने मान्यतेची मोहोर देऊ नये. त्यावर हलकल्लोळ झाला. मतस्वातंत्र्याचा गळा घोटला जातो आहे, असा ओरडा झाला. बाईंचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते, पण रीत चुकली असे मला वाटते. वीस-वीस वर्षे गावाचा विश्वास सांभाळणाऱ्या माणसाला ‘परीक्षेला बस, नाहीतर बिल्ला काढून घेऊ’ म्हटले की तो अभ्यासाला बसत नाही, हट्टाला पेटतो. घरात सासऱ्यांना औषध घ्यायला लावणाऱ्या सुनेला हे जास्त चांगले ठाऊक असते.

रीत कोणती असावी हे चार वर्षांनी दक्षिण कॅरोलायनाच्या कोलंबिया शहरात दिसले. हे पुराणमतवादी राज्य. तिथल्या डब्ल्यूएलटीएक्स केंद्रावर जिम गँडी नावाचे अनुभवी निवेदक होते. २०१० मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठ आणि क्लायमेट सेंट्रल ही संस्था यांच्या साहाय्याने त्यांनी ‘क्लायमेट मॅटर्स’ या नावाने छोटे छोटे भाग सुरू केले. त्यांत ध्रुवावरची अस्वले नव्हती आणि राजकारण नव्हते. एका भागाचा विषय होता पॉयझन आयव्ही. ही तिकडच्या परसदारी उगवणारी, अंगाला लागली तर खाजेने जीव नकोसा करणारी वेल. आपल्या खाजकुइलीची लांबची बहीण म्हणा. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही वेल अधिक जोमाने वाढते आणि तिचे विषही अधिक जहाल होते, असे संशोधनात दिसले होते. गँडींनी ते सांगितले. प्रेक्षक बागेत काम करणारे होते, त्यांची पोरे त्याच कुंपणापाशी खेळत होती. क्योटो करारावरच्या दहा भाषणांनी जे झाले नसते ते या खाजेने केले. वर्षाअखेरीस शहरातल्या प्रेक्षकांची तुलना केली तेव्हा या केंद्राच्या प्रेक्षकांना हवामान बदलाची समज इतरांपेक्षा अधिक आल्याचे अभ्यासकांना आढळले.

गँडींच्या यशाची मेख कुठे होती? त्यांनी शास्त्र शोधून काढल्याचा आव आणला नाही. माहिती कोणाची आहे हे सांगितले, ती आपल्या गावच्या मोजमापाशी जोडली, आणि एरवीसारखे उद्याच्या पावसाकडे वळले. २०१२ पासून ही सामग्री देशभरच्या निवेदकांना मिळू लागली. तयार नकाशे, त्या त्या शहराच्या तापमानाच्या जुन्या नोंदी, किती रात्री आता पूर्वीइतक्या थंड होत नाहीत याचे आलेख. आणि ती वापरणारे पुढे शेकड्यांनी वाढले. २०१७ च्या पाहणीत हवामान बदलते आहे असे मानणारे निवेदक नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले होते. अर्थात हा बदल मुख्यतः माणसामुळे होत आहे असे म्हणणारे तेव्हाही निम्म्याच्या आसपासच होते, हे विसरून चालणार नाही. सात वर्षांत माणसे बदलली, पण पुरती नाही.

फ्रान्समध्ये याच धंद्याची दोन रूपे एका वर्षाच्या अंतराने पाहायला मिळाली. ‘तेएफ-१’ या वाहिनीवरच्या एव्हलीन देलिया या सर्वांच्या परिचयाच्या बाई. जागतिक हवामान संघटनेने २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतील निवेदकांकडून २०५० सालचे काल्पनिक हवावृत्त सादर करवून घेतले, त्यात फ्रान्ससाठी त्यांनी १८ ऑगस्ट २०५० ची हवा सांगितली. नकाशावर चाळीस अंशांच्या वरचे आकडे होते. तो आकडा तेव्हा दूरच्या भविष्यातला वाटला. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये प्रत्यक्ष ४२.६ अंश नोंदले गेले, आणि लोकांनी ते जुने चित्र पुन्हा शोधून काढले. एका दिवसाच्या उष्म्यावरून तीस वर्षांचा अंदाज सिद्ध होत नाही हे खरे. पण बाईंनी जे सादर केले ते शास्त्रज्ञांनी काढलेले होते आणि ते कल्पित आहे हे स्पष्ट सांगितलेले होते, म्हणून त्यांची पत घसरली नाही.

दुसरे रूप फिलिप व्हेर्दिए यांचे. ‘फ्रान्स-२’ या सार्वजनिक वाहिनीच्या हवा विभागाचे ते प्रमुख. पॅरिसच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्यांनी पुस्तक लिहून आंतरराष्ट्रीय हवामान शास्त्रज्ञांवर आणि सरकारवर झोड उठवली. वाहिनीने त्यांना नोकरीतून काढले. आपल्या नोकरीच्या वलयाचा वापर करून त्यांनी न्यायाधीशाची खुर्ची घेतली, ही चूक निःसंशय त्यांची. तरीही त्यांना काढून टाकण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटत नाही. काढल्यामुळे त्यांच्या मुद्द्यांना उत्तर मिळाले नाही, त्यांना हौतात्म्य मात्र मिळाले. त्याच नकाशापुढे एखाद्या शास्त्रज्ञाला उभे करून त्यांचे आक्षेप एकेक तपासले असते तर प्रेक्षकांच्या पदरात काही पडले असते. त्या वाहिनीला हे उशिरा का होईना उमगले असावे. मार्च २०२३ पासून फ्रान्स-२ ने आपले नेहमीचे हवावृत्त बदलून त्याला ‘हवा आणि हवामान’ असे जोडवृत्ताचे रूप दिले. त्यात प्रेक्षकांच्या प्रश्नांना शास्त्रज्ञ उत्तरे देऊ लागले.

आता या माणसांना जी किंमत मोजावी लागते तिच्याविषयी. क्रिस ग्लोनिंजर हे २०२१ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन शहराच्या केसीसीआय केंद्रावर मुख्य निवेदक म्हणून आले. हवामान बदलाविषयी अधूनमधून सांगणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांना धमक्यांची पत्रे येऊ लागली. एका पत्रात तर त्यांच्या घराचा पत्ता विचारला होता. पत्रे लिहिणारा सापडला, त्याला दीडशे डॉलर दंड झाला. दीडशे डॉलर! ग्लोनिंजर यांची झोप उडाली, मनावर आघात झाला, आणि २०२३ मध्ये त्यांनी ती नोकरी आणि ते क्षेत्रच सोडले. पुढच्या वर्षी फ्लॉरिडात राज्याच्या कायद्यातून हवामान बदलाचे बरेचसे उल्लेख वगळणारा कायदा झाला. तेव्हा मायामीच्या एनबीसी-६ केंद्रावर स्टीव्ह मॅक्लॉफ्लिन या निवेदकाने पडद्यावरून त्यावर टीका केली आणि लोकांना मतदानाची आठवण करून दिली. इथे मी जरा थबकतो. समुद्र वाढतो आहे हे सांगणे हे त्यांचे कामच. कोणता कायदा योग्य हे सांगायला लागले, की साक्षीदाराचा पाय पिंजऱ्याबाहेर पडायला लागतो. पण ज्या राज्यात रस्त्यात भरतीचे पाणी येते तिथे त्या पाण्याचे कारण सरकारी कागदातून पुसले जात असताना साक्षीदाराने तोंड मिटून बसावे, असे म्हणायलाही जीभ रेटत नाही.

त्याच केंद्रावरचे जॉन मोरालेस हे तीन दशकांहून अधिक काळ फ्लॉरिडाला वादळे सांगत आलेले, आणि घाबरवणारे नव्हे तर शांत करणारे म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी मिल्टन वादळाच्या केंद्रातला दाब दहा तासांत पन्नास मिलिबारने उतरल्याचे सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि त्यांनी प्रेक्षकांची क्षमा मागितली. मग मेक्सिकोच्या आखाताचे पाणी किती तापले आहे आणि त्यामागे काय आहे, हे त्यांनी सांगितले. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. रडणे हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण तो आकडा पुरावा होता, आणि त्या आकड्याचा अर्थ किती भयंकर हे आयुष्यभर असे आकडे वाचलेल्या माणसालाच क्षणात कळू शकते. जून २०२५ मध्ये त्याच मोरालेस यांनी पडद्यावर जाहीर सांगितले, की सरकारी हवामान सेवेत झालेल्या कपातीमुळे पूर्वीसारखी खात्री आपण यापुढे देऊ शकू असे वाटत नाही. आपल्याला काय सांगता येणार नाही हे आधीच सांगून टाकणारा माणूस मला अधिक खात्रीचा वाटतो.

आणि आपल्याकडे? भारतीय हवामान खाते १८७५ चे. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून पुणेकर अजूनही त्या जागेला शिमला ऑफिस म्हणतात. आपल्या नोंदी जुन्या आहेत, शास्त्रज्ञ आहेत, उपग्रह आणि रडार आहेत. चेहरा मात्र नाही. मराठी वाहिन्यांवर हवा बहुधा बातम्या वाचणाराच वाचून दाखवतो. फार तर खात्यातील एखाद्या अधिकाऱ्याची अर्ध्या मिनिटाची प्रतिक्रिया जोडली जाते, आणि तोवर खाली पट्टीवर ‘पावसाचा कहर’ धावत असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहरात एकाच दिवशी हा फरक. हे असे का होते, ते पुन्हा होण्याची शक्यता वाढते आहे का, हे वर्षानुवर्षे त्याच ओळखीच्या आवाजात समजावून सांगणारे कोणी मुंबईकराला मिळाले नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. दोन्ही वेळा घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला, की हा हवामान बदलच का? एका वर्षावरून तसे म्हणता येत नाही, पण तापलेला समुद्र आणि अधिक बाष्प धरणारी हवा यांमुळे अशा टोकांची शक्यता वाढते, हे साधे उत्तर देणारा माणूस नकाशापुढे नव्हता.

ही मोकळी जागा रिकामी राहिलेली नाही. मोबाइलवर रोज नवे हवामान अभ्यासक अवतरतात, तारीखवार पाऊस सांगतात, शेतकरी त्यावर पेरणी करतो आणि पाऊस ओढ देतो. मग दुबार पेरणी. बियाण्याची पिशवी, खत, उसनवारीचे व्याज, हे सगळे त्या घरावर. चुकलेला अंदाज सांगणारा मात्र दुसऱ्या दिवशी नकाशापुढे उभा राहून ‘काल माझे चुकले’ असे म्हणत नाही. तो नवी तारीख सांगतो. जो आठवड्याच्या पावसाचा हिशेब देत नाही तो पन्नास वर्षांच्या हवामानाविषयी काय सांगतो, यावर घरच्यांनी विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

तेव्हा मराठी वाहिन्यांकडे मागणे एवढेच. वातावरणशास्त्र शिकलेले एखादे माणूस नेमावे, नाशिक-परभणीची बोली कळणारे, आणि त्याला दहा वर्षे तिथेच ठेवावे. कालचा अंदाज किती खरा ठरला हे त्याने रोज आधी सांगावे, मग उद्याची हवा सांगावी. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी घरची सगळी मंडळी एकत्र असताना, सोलापूरचा या आठवड्याचा उन्हाळा पन्नास वर्षांपूर्वीच्या सोलापूरच्या उन्हाळ्याशेजारी मांडून दाखवावा, आणि त्याचे कारण शिमला ऑफिसातल्या कोणाकडून तरी वदवून घ्यावे.